देठाला लावलेले मेण

जोमा,

तू गेल्याला आज सतरा दिवस झाले. सकाळी प्रार्थनेची घंटा होण्याआधी मी प्रयोगशाळेचे कुलूप उघडले आणि तीन वांगी तोलली. काचेच्या पेटीतला तोच तराजू. त्याच्या पारड्यांवरची धूळ तू कोंबडीच्या पिसाने झाडायचास. ते पीस पेटीच्या कोपऱ्यात अजून आहे. पहिल्या वांग्याला काहीच लावलेले नाही. दुसऱ्याच्या सालीला मेणाचा लेप आहे, देठ उघडा आहे. तिसऱ्याचा फक्त देठ मेणात बुडवलेला आहे. तिन्ही एकाच झाडाची, एकाच सकाळी तोडलेली. आज पाचवा दिवस.

निकाल सांगतो. पहिले सुरकुतले. दुसरेही जवळजवळ तितकेच सुरकुतले. तिसरे तुझ्यासमोर ठेवले असते, तर तू ते अंगठ्याने दाबून म्हणाला असतास, "कालचं हाय."

तुझे बरोबर होते. हे तीन शब्द लिहायला मला सात वर्षे लागली, आणि आता ते ऐकायला तू नाहीस.

शाळेच्या वार्षिक अंकासाठी तुझ्यावर चार शब्द लिहून द्या, असे मुख्याध्यापकांनी सांगितले आहे. तुझी जन्मतारीख, नेमणुकीचा आदेश, प्रयोगशाळा सहायक म्हणून झालेली सेवा, हे सारे कार्यालयाने उतरवून ठेवले आहे. ते चौकटीत छापले जाईल. मला ते लिहायचे नाही. मला एका ओळीबद्दल लिहायचे आहे. ती ओळ मी लिहिली होती, आणि ती खोटी होती. ती पुसायला मी गेलो, तर तूच मला पुसू देत नाहीस. पण क्रमाने सांगतो. क्रम सोडला तर माझ्याने हे पुरे होणार नाही.

आपल्या प्रयोगवहीला तांबड्या कापडाची पाठ आहे. झालेला प्रत्येक प्रयोग, त्याचे साहित्य, कृती, निरीक्षण आणि अनुमान तिच्यात लिहायचे, हा माझा नेम. एका श्रावणात कपाटावरचे कौल सरकले आणि दोन वर्षांच्या नोंदी भिजून निळ्या डागांत मिसळल्या. मी डोके धरून बसलो होतो. तू म्हणालास, "सर, आम्लाच्या बाटलीच्या लेबलाला आपन मेण चोळतो ना, अक्षर जाऊ नये मनून? मंग वहीला का नको?" त्या दिवसापासून माझी सही झाली, शाई वाळली, की तू मेणबत्तीचे टोक घेऊन ते पान चोळायचास आणि कोमट फडक्याने सारखे करायचास. थर इतका पातळ, की पान प्रकाशाकडे तिरपे धरल्याशिवाय कळू नये. मी वर्गात तुझे नाव घेऊन मुलांना ते दाखवले होते. तू दाराआड उभा होतास. तुला वाटले असेल मी पाहिले नाही.

तळोज्याकडच्या तुझ्या गावची जमीन वसाहतीच्या मोजणीत गेली, तेव्हा तुझ्याकडे खाचराच्या वरच्या अंगाला वांग्यांचा एक तुकडा उरला होता. काटेरी देठाची, जांभळ्यावर पांढरी झाक असलेली गावठी वांगी. तुझी बोटे कायम टोचलेली असायची. त्या हिवाळ्यात त्या तुकड्यावरही भराव टाकणार म्हणून कळले. अमुक सोमवारी डंपर येणार होते, म्हणजे आदल्या रविवारीच सारे तोडायला हवे होते, आणि तुझ्या मुलीचे, निर्मलाचे, लग्न तोडणीनंतर अकरा दिवसांनी होते.

तू माझ्या टेबलाशी आलास. हातात रुमाल होता, त्याची गाठ सोडत-बांधत होतास.

"सर, आमच्यात रीत हाय. पोर घरातून जायच्या दिवशी बापाच्या शेतातलं जेवून जाते. माझ्या आयनं तिच्या बापाचं खाल्लं, हिरानं माझ्या घरी येताना तिच्या बापाचं. आता शेतच चाललंय. अकरा दिस वांगी टिकतील का?"

टिकवू, असे मी म्हणालो. किती सहज म्हणालो! त्याच सुमारास एका मासिकात मी फळांना मेणाचा लेप देण्याविषयी वाचले होते. भाजी तोडली तरी ती जिवंत असते, ती श्वास घेते, तिच्यातले पाणी हळूहळू उडत असते. तिच्यावर पातळ आवरण दिले तर दोन्ही क्रिया मंदावतात आणि ती अधिक दिवस ताजी राहते. मेण आणि साबणाचे पाणी एकत्र ढवळून दुधासारखे पातळ मिश्रण करायचे, भाजी त्यात बुडवायची आणि वाऱ्यावर वाळवायची. जिल्ह्याच्या विज्ञान प्रदर्शनात तो प्रयोग मांडायचा माझा विचार होता. तुझी गरज आणि माझा प्रयोग एकमेकांना इतके चपखल बसले, की त्यातले कुठले पुढे आणि कुठले मागे, हे मी स्वतःला विचारलेच नाही.

रविवारी सारी तोडणी झाली. हिराबाई आणि तू तीन पाट्या भरून वांगी प्रयोगशाळेत आणलीत. हिराबाईंनी पातेल्यातल्या पांढऱ्या मिश्रणाकडे पाहून विचारले, "मास्तर, ही खाल्ल्यावर पोटात वात पेटंल का?" तू तिला दटावलेस आणि स्वतःच खो-खो हसलास.

मग तू ते म्हणालास. शब्द मला पाठ आहेत.

"सर, माझी आय मुंबईला वांगी धाडायची तवा नुसत्या देठाला मेण लावायची. बाकी वांगं उघडंच."

मी खडू घेतला आणि फळ्यावर वांगे काढले. सालीचे क्षेत्रफळ एवढे, देठाचे एवढेसे. पाणी उडते ते पृष्ठभागावरून. मग मोठा पृष्ठभाग सोडून लहान झाकण्यात काय अर्थ? आकृती अचूक होती. तू फळ्याकडे पाहिलेस, मग हातातल्या वांग्याकडे.

"पन सर, ह्ये तर चकाकतंय. देवानं ह्याला आधीच मेणावलंय. उघडा हाय तो देठच."

मी हसलो, जोमा. रागावलो असतो तर बरे झाले असते. मी समजूतदारपणे हसलो, जसे आपण मुलाच्या गोड चुकीवर हसतो, आणि म्हणालो, "श्रद्धा वेगळी आणि प्रयोग वेगळा." आज मला माहीत आहे, वांग्याची साल पाणी सहजासहजी सोडत नाही. तिच्यावर निसर्गाचा लेप असतो, आणि म्हणूनच ती चमकते. पाण्याची खरी वाट असते ती देठाकडची टोपी. तू जे एका वाक्यात सांगितलेस, त्याची खात्री करायला एक तराजू आणि पाच दिवस पुरले असते. तराजू खोलीतच होता.

पहिल्या लेपाचे ओघळ दिसले, म्हणून मी दुसरा थर द्यायला सांगितले. तू पाट्यांजवळ थांबलास. "दोन नको सर. त्याला श्वास घ्यायला नको?" सजीवांचे श्वसन मी वर्षानुवर्षे फळ्यावर शिकवत आलो होतो. मी म्हणालो, "सांगतो तसे कर." तू तसे केलेस. एकेक वांगे देठ धरून बुडवलेस, निथळलेस, दोरीवर टांगलेस. तुझ्या हातून माझ्या खोलीत कधी एक परीक्षानळीसुद्धा फुटली नव्हती. त्या दिवशीही एक थेंब फरशीवर पडला नाही.

लग्नाच्या सकाळी मुख्याध्यापकांबरोबर मी तुझ्या अंगणात उतरलो, तर मांडवामागून आचाऱ्याची हाक आली. "मास्तर, इकडं या जरा. वास घ्या."

पाट्यांतली वांगी बाहेरून आरशासारखी होती. आत काळपट, पाणथळ, आणि त्यातून आंबूस वास येत होता. हवा कोंडली की पेशी स्वतःच्या साखरेची दारू करतात. नववीच्या परीक्षेत मी हा प्रश्न दोन गुणांना विचारतो. तो वास मांडवभर गेला. नवऱ्या मुलाचा मामा उठून आला, नाकाला उपरणे लावून म्हणाला, "जोमा, ही वांगी हायत का ताडीची मडकी?"

सारे तुझ्याकडे पाहत होते. मुलीचा बाप, पंगत तोंडावर आलेली, आणि शेत भरावाखाली गेलेले. तू क्षणभर माझ्याकडे पाहिलेस. मग मामाकडे वळून म्हणालास, "मामा, शाळेत नोकरीला हाय मी. तुमाला बाटली उघड देता येत नाय, मनून वांग्यात भरून दिली!"

मांडव हसला. मामा तर असा हसला की त्याने तुझ्या पाठीत थाप मारली. शेजारच्या घरांतून भोपळे आले, वालाचे बिरडे वाढवले गेले, पंगत वेळेवर बसली. मी खाली मान घालून पत्रावळीवर बसलो होतो. तेवढ्यात तू स्वतः वाढायला आलास. वाटीतून एक भरले वांगे काढून माझ्या पानात ठेवलेस.

"एक चांगलं हाय, सर. तुमाला."

मी ते मोडून पाहिले. आत काळपटपणा नाही, आंबूस वास नाही, बी कोवळे. खाल्ले. आणि जोमा, माझ्या या शिस्तीत वाढलेल्या बुद्धीने तिथल्या तिथे अनुमान काढले. शेजारी बसलेल्या मुख्याध्यापकांना मी म्हणालो, "पाहिलेत? लेप नीट बसला, तर वांगे अकरा दिवस टिकते. बाकीच्यांना तो नीट दिला गेला नाही." तू वाटी हातात घेऊन तिथेच उभा होतास. तू ऐकलेस. पुढच्या पानाकडे गेलास.

सोमवारी मी प्रयोगवही उघडली. मुख्याध्यापकांनी शिक्षकांच्या खोलीत वांग्यांची गोष्ट रंगवून सांगितली होती, आणि प्रदर्शनाच्या अहवालाला अपयशाचे कारण हवे होते. माझ्याकडे पुरावा होता, मी तो खाल्ला होता. मी लिहिले: अपयशाचे कारण, सहायकाने लेप देताना केलेला निष्काळजीपणा. खाली सही केली आणि वही नेहमीच्या जागी ठेवली.

ती ओळ तू वाचलीस का? सतरा दिवस मी दुसरे काही विचारलेले नाही. सातवीपर्यंत शिकला होतास. माझे अक्षर शाळेत सगळ्यांपेक्षा तुलाच चांगले लागायचे. मुले माझे शेरे तुझ्याकडून वाचून घ्यायची. मंगळवारी सकाळी तू टेबल पुसलेस, चहा बशीने झाकून ठेवलास आणि म्हणालास, "आज दहावीला क्षार हायत ना, सर? नळ्या धुऊन ठेवल्यात." त्यानंतर सात वर्षे रोज असाच झाकलेला चहा.

सांगायची संधी मला वारंवार मिळाली. एकदा पळस्प्याच्या फाट्यावर आपण दोघे गाडीची वाट पाहत तासभर उभे होतो. तू निर्मलाच्या मुलाचे कौतुक सांगत होतास. मला तेव्हाही आत कुठेतरी माहीत होते, की तुझ्या हातून निष्काळजीपणा होत नाही. पण पुरावा! पानातले ते चांगले वांगे! मी माझ्या अनुमानाला धरून राहिलो आणि तुला सोडले. पळस्प्याला गाडी आली, तू मला खिडकीची जागा दिलीस.

मग कावीळ. सहा दिवसांचाच खेळ. मी दवाखान्यात आलो तेव्हा तुझे डोळे हळदीसारखे झाले होते. येताना रस्ताभर मी एक वाक्य घोकत आलो होतो: जोमा, ती ओळ मी लिहायला नको होती. तुझ्या उशाशी बसलो आणि काय बोललो? म्हणालो, "नव्या बाटल्या आल्या आहेत. गंधकाम्लाच्या."

तू डोळे न उघडता म्हणालास, "लेबलांना मेण लावून ठेवा, सर. नायतर अक्षर जातील."

"तू आल्यावर लावशील," मी म्हणालो.

"बरं," तू म्हणालास.

तुझे माझे शेवटचे बोलणे एवढेच. मी शिक्षक आहे, जोमा. आयुष्यभर मुलांना सांगत आलो, की उत्तर येत असेल तर हात वर करा, घंटेची वाट पाहू नका. मला उत्तर येत होते.

गाढी नदीच्या काठी तुझा दहावा झाला. दुसऱ्या दिवशी मी घरी गेलो. हिराबाई ओसरीवर बसल्या होत्या, निर्मला आत होती. मी म्हणालो की लग्नात जोमाने मला वाढलेले ते एक वांगे अजून आठवते. एवढ्या सगळ्यांत तेवढेच माझ्या लेपाने टिकले.

हिराबाईंनी मान वर केली.

"ते तुमच्या मेणाचं नव्हतंच, मास्तर."

मला कळेना.

"नऊ वांगी त्यांनी तोडणीच्या दिशीच बाजूला काढलेली. नुसत्या देठाला मेणबत्ती लावली, ओल्या वाळूच्या मडक्यात ठेवली. मला मनाले, सरांना सांगू नको, त्यांना वाटंल माझा इस्वास नाय. पोरीच्या पानापुरती तरी हवीत. लग्नात तुमचं तोंड उतरलेलं बघितलं, तवा नवातलं एक तुमाला दिलं. आठ पोरीला, एक तुमाला."

"मग त्याने मला सांगितले का नाही? मी मुख्याध्यापकांना म्हणालो, तेव्हा तो तिथेच उभा होता."

"मी बी तेच विचारलं," त्या म्हणाल्या. "मनाले, जेवत्या माणसाला काय सांगाचं?"

निर्मला दारात येऊन उभी राहिली होती. तुझ्या शेतातल्या नऊ शेवटच्या वांग्यांपैकी एक तिच्या पानातून उचलून तू माझ्या पानात ठेवलेस, आणि मी ते खाऊन तुला निष्काळजी ठरवले. माझा सगळा पुरावा तुझ्या देठाच्या मेणाचा होता. मी तो चावून गिळला आणि उलटा वाचला.

म्हणून ही तीन वांगी. दुसऱ्याच दिवशी मी बाजारात जाऊन एका मळेवाल्याला विनवले, त्याच्या एकाच झाडाची आणली. म्हातारपणी हा पोरखेळ कशाला, असे तुला वाटले असते. पण हिराबाईंचा शब्द पुरेसा असूनही मला तुझ्यासाठी तो प्रयोग करायचा होता, जो तू सांगितलास तेव्हा मी केला नाही. पाच दिवस रोज सकाळी तोलले, लिहिले. आज अनुमान लिहिले: वांग्यातील पाणी मुख्यतः देठाकडून जाते, सालीवरील जाड लेप अनावश्यक व घातक, देठ झाकणे हाच योग्य उपाय, ही पद्धत सहायक जोमा यांच्या घरची.

त्यानंतर मी सात वर्षांपूर्वीचे पान काढले. ती ओळ खोडायची, समासात दुरुस्ती लिहायची आणि आजच्या तारखेची सही करायची, असे ठरवले होते. दौतीत पेन बुडवले. ओळीवर रेघ ओढली.

रेघ उमटली नाही. शाईचे लहान लहान थेंब झाले आणि पानावर मण्यांसारखे बसून राहिले.

मी पान खिडकीकडे तिरपे धरले. तुझे मेण होते. साहित्यावर, कृतीवर, निरीक्षणावर आणि त्या ओळीवर, वरपासून सहीपर्यंत. म्हणजे मंगळवारी सकाळी चहा झाकण्याआधी किंवा नंतर तू वही उघडलीस, मेणबत्तीचे टोक घेतलेस, आणि तुझ्यावरचा आरोप पावसात पुसला जाऊ नये अशी व्यवस्था केलीस, कारण सही झालेल्या पानाला मेण लावायचे असे ठरले होते. त्या ओळीवरून हात जाताना तू थांबलास का? मी भिंग लावून पाहिले. थरात कुठे थांबल्याची खूण नाही. जाडी सगळीकडे सारखी. एकच थर, पातळ.

हे मेण काढायची रीत मला येते. वर-खाली टीपकागद ठेवून कोमट इस्त्री फिरवली, की कागद मेण शोषून घेतो, मग शाई धरते. मी इस्त्री मागवली होती. ती तापलीही होती. शिपायाला सांगून परत पाठवली. माझी चूक झाकायला तुझ्या हाताचे काम पुसू? तेवढेच तर या खोलीत उरले आहे.

शेवटी समोरच्या कोऱ्या पानावर लिहिले. मागील नोंदीतील अपयशाचे कारण चुकीचे आहे. लेप सहायकाने निर्दोष दिला होता. लेपाची कल्पना सदोष होती, ती माझी होती, आणि त्याने मला दोनदा सावध केले होते. खाली सही केली. शाई वाळू दिली, तू शिकवलेस तशी, फुंकर न घालता.

मग तुझा खण उघडला. फडके होते, मेणबत्तीचे टोक होते. त्या टोकाला एका बाजूने खळगा पडला आहे, तुझ्या अंगठ्याचा. मी माझा अंगठा त्यात ठेवून पाहिला. बसला नाही. पानाच्या कोपऱ्यावर थोडे चोळले, तर मेणाचा पांढरा गोळा साचला. माझा हात जाडच पडतो, जोमा. मी तो गोळा नखाने काढला आणि टोक खणात परत ठेवले.

शाई केव्हाच वाळली आहे. पान उघडे आहे. कपाटावरची कौले यंदा कोणी तपासलेली नाहीत.